तान्ह्या बाळाचा स्टोमा सांभाळताना: कशाला घाबरायचं आणि कशाला नाही

पोटावर स्टोमा, म्हणजे शी बाहेर यावी म्हणून पोटावर आणलेलं आतड्याचं तोंड, केलेलं बाळ घरी आलं की सगळ्यांचं लक्ष त्या लाल गोळ्याकडेच लागलेलं असतं. जरा रक्त दिसलं, जरा रंग बदलला की जीव वरखाली होतो. बालशस्त्रक्रियेच्या वॉर्डात आई-बाबांना घरच्या काळजीचं शिकवताना मी म्हणूनच एक गोष्ट सुरुवातीलाच सांगून टाकते: स्टोमाच्या बाबतीत दिसायला भयंकर असतं ते बहुतेक वेळा निभावून जातं, आणि बाळाला खरोखर खचवतं ते गुपचूप येतं. कोरडा लंगोट, अडकून बसलेलं वजन, नेहमीपेक्षा मलूल बाळ. पुढचं वाचताना हा फरक डोक्यात ठेवा.

आधी स्टोमा कोणता, ते समजून घ्या

डिस्चार्ज कार्डावर स्टोमाचं नाव लिहिलेलं असतं, पण घरी निघायच्या गडबडीत ते समजावून घ्यायचं राहून जातं. सर्जनना तीन गोष्टी विचारा: आतड्याचा कोणता भाग बाहेर आणलाय, तोंडं एक की दोन, आणि स्टोमाच्या वरच्या बाजूला किती आतडं उरलंय. पुढच्या काही महिन्यांत काय त्रास होऊ शकतो, हे जवळजवळ या तीन उत्तरांवरच ठरतं.

मोठ्या आतड्याचा स्टोमा म्हणजे कोलोस्टॉमी. जन्मतः गुदद्वार नसेल किंवा हिर्शस्प्रुंगचा आजार असेल (आतड्याच्या शेवटच्या भागात मज्जापेशी नसल्यामुळे शी पुढे सरकत नाही) तर बहुधा ही करतात. शी जरा घट्ट येते, कातडीला कमी झोंबते, पाण्याची चिंता कमी. लहान आतड्याचा स्टोमा म्हणजे इलिओस्टॉमी, आणि त्याहून वरचा म्हणजे जेजुनोस्टॉमी. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळांच्या आतड्याला सूज येऊन तो भाग मरतो, किंवा आतडं जन्मतःच मध्ये तुटक असतं, किंवा पहिली काळी शी चिकट होऊन आत अडकते, तेव्हा बरेचदा हा करावा लागतो. यातून येणारी शी पातळ असते आणि तिच्यात पाचक रस असतात, म्हणून ती कातडी अक्षरशः पचवायला लागते. पाणी आणि मीठ शोषून घेणारं मोठं आतडं वाटेतून वगळलेलं असल्यामुळे हे दोन्ही स्टोमावर चिकटवलेल्या बॅगेत वाहून जातं. स्टोमा जितका वर, तितकी काळजी जास्त.

दोन तोंडं असतील तर वरच्या आतड्याकडून आलेल्या तोंडातून शी येते, दुसऱ्यातून फक्त शेंबडासारखा चिकट स्राव. कोणतं कोणतं, हे नर्सकडून बोट दाखवून घ्या आणि एका कागदावर चित्र काढून ठेवा. रात्री घाईत किंवा दुसऱ्या दवाखान्यात जावं लागलं तर तो कागद कामाला येतो. गुदद्वार असलेल्या बाळाच्या लंगोटात मधूनच पांढुरका चिकट गोळा दिसला तर ती शी नव्हे, खालच्या आतड्याचा स्राव आहे. तो येणारच. मात्र गुदद्वार नसलेल्या बाळांत, खास करून मुलग्यांत, खालचं आतडं बरेचदा आतून लघवीच्या मार्गाला जोडलेलं असतं. दुसऱ्या तोंडात शी शिरली तर ती लघवीपर्यंत पोहोचू शकते. त्यामुळे अशा बाळाला ताप आला की लघवीची तपासणी करायची आठवण तुम्हीच करून द्या.

ही शस्त्रक्रिया काही नवी नाही. १७९३ मध्ये फ्रान्समधल्या ब्रेस्त शहरात ड्यूरे नावाच्या सर्जनने गुदद्वार नसलेल्या अवघ्या तीन दिवसांच्या बाळाची कोलोस्टॉमी केली होती, आणि ते बाळ पुढे ४५ वर्षं जगलं. तेव्हा आजच्यासारखी भूल नव्हती की चिकटणाऱ्या बॅगा नव्हत्या. धीर सुटला की हे आठवावं.

चांगला स्टोमा कसा दिसतो

ओठाच्या आतल्या बाजूसारखा: लाल किंवा गुलाबी, ओला, चकचकीत. तो आपोआप हळूच आकुंचन पावताना, वळवळताना दिसतो. स्टोमाला स्पर्श कळतच नाही असं नाही, पण पुसताना किंवा कापल्यावर कातडीला होते तशी वेदना त्याला होत नाही. बॅग काढताना बाळ रडतं ते भोवतालची कातडी ओढली गेल्यामुळे, किंवा उघडं पडून गार लागल्यामुळे. पुसताना गॉझवर रक्ताचे एक-दोन ठिपके आले तर चालतं, कारण वरचं अस्तर फार नाजूक असतं. बाळ जोरात रडत असताना रंग जरा गडद किंवा फिकट होतो आणि शांत झाल्यावर परत येतो. परत येतो ना, एवढं बघायचं.

सुरुवातीला स्टोमा सुजलेला असतो. सहा ते आठ आठवड्यांत तो लहान होत जातो, म्हणून दवाखान्यात दिलेलं माप महिन्याभराने चुकीचं ठरतं. आठवड्यातून एकदा नव्याने मोजा.

बॅग बदलायची पद्धत

दूध पाजण्याआधीची वेळ धरा. पोट भरल्यावर शी सुटते आणि प्लेट, म्हणजे बॅगेचा कातडीला चिकटणारा भाग, चिकटायच्या आत सगळं ओलं होतं. सामान आधी मांडून घ्या: नवी बॅग, मापाचा कागद, छोटी वाकडी कात्री, कोमट पाणी, मऊ गॉझ, स्टोमा पावडर, कचऱ्याची पिशवी. बाळाचे हात धरायला दुसरं कुणी असेल तर उत्तम.

नव्या प्लेटचं भोक आधीच कापून ठेवा. स्टोमाच्या कडेपासून सगळीकडे दोन-तीन मिलिमीटर मोकळी जागा राहील एवढंच मोठं. फार मोठं भोक म्हणजे उघडी कातडी शीत भिजणार, फार लहान म्हणजे स्टोमाला काचणार. कापल्यावर कडेवरून बोट फिरवा. खरखरीत टोक लागलं तर घासून गुळगुळीत करा. मग ती प्लेट दोन तळहातांमध्ये मिनिटभर धरा. ऊब मिळाली की ती लवचिक होते आणि तान्ह्याच्या वाटोळ्या पोटावर नीट बसते.

जुनी बॅग वरून खाली सोडवा, एका हाताने कातडी दाबत आणि दुसऱ्याने प्लेट अलगद सोडवत. खस्सकन ओढू नका. निघत नसेल तर कोमट पाण्याने ओली करत जा. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळाची कातडी इतकी पातळ असते की ओढली तर प्लेटबरोबर वरचा थर निघून येतो. त्यासाठी अल्कोहोल असलेले द्राव आणि पेस्टही या बाळांना टाळायच्या.

आणि आता एक गोष्ट जी बहुतेक जण विसरतात: काढलेली प्लेट लगेच फेकू नका, उलटी करून बघा. चिकट बाजू कुठे पांढरट, फुगलेली, विरघळलेली दिसते? कुठे शीचा ओघळ कडेपर्यंत गेलाय? गळती नेमकी तिथून सुरू झाली. ती जागा मांडीच्या घडीकडची असेल तर पुढच्या वेळी प्लेटची ती कड थोडी कापा. बेंबीच्या खळग्याकडची असेल तर तिथे अल्कोहोल नसलेली पेस्ट किंवा स्टोमा रिंगचा (मऊ, चिकट कड्याचा) तुकडा भरा. सगळीकडून सारखीच विरघळली असेल तर बॅग जास्त दिवस ठेवली गेलीय.

धुवायला नुसतं कोमट पाणी. सुगंधी वाइप्स नकोत, तेल नको, लोशन नको, कारण त्यांचा थर राहिला की काही चिकटत नाही. पुसायचं नाही, टिपायचं. कातडी पूर्ण कोरडी झाली की प्लेट लावा आणि वर मिनिटभर ऊबदार हात ठेवा. बाळ दिवसभर आडवंच असतं, म्हणून बॅगेचं तोंड पायांकडे न ठेवता कुशीच्या बाजूला ठेवा म्हणजे शी तिकडे उतरते. रांगायला, बसायला लागल्यावर दिशा बदलायची.

बॅग एक तृतीयांश भरली की रिकामी करायची. हवेने फुगली तरी तेच. रडताना बाळ भरपूर हवा गिळतं आणि ती हवा प्लेट उचलून टाकते. तान्ह्यांची बॅग साधारण एक ते तीन दिवस टिकते. गळायला लागली तर वरून चिकटपट्टी मारून दिवस ढकलू नका. आत अडकलेली शी तासाभरातही कातडी लाल करते.

कातडी सोलवटणं

सगळ्यांत जास्त आढळणारा त्रास हाच, आणि बहुतेक वेळा त्याचं मूळ गळतीत किंवा चुकीच्या मापात असतं. मलमं बदलत बसण्याआधी भोक मोजा.

कातडी लाल पण अखंड असेल तर माप सुधारलं की एक-दोन बदलांत उतार पडतो. ओलसर, सोलवटलेली असेल तर स्टोमा पावडर भुरभुरवा आणि जास्तीची झटकून टाका. पावडरचा जाड थर राहिला तर प्लेट त्या पावडरलाच चिकटते आणि उचलून येते. लाल चट्टा आणि त्याच्या कडेबाहेर सुटे सुटे लाल ठिपके दिसले तर ते बुरशीचं लक्षण. बाळाला अँटिबायोटिक सुरू असताना हे विशेष होतं. त्यावर बुरशीविरोधी औषध लागतं, नुसती स्टोमा पावडर चालत नाही, म्हणून डॉक्टरांना दाखवा. स्टोमाच्या कडेला छोटे लाल, सहज रक्त येणारे दाणे उगवले तर पुढच्या भेटीत दाखवा. ते दवाखान्यात जाळून टाकतात.

बॅग मिळत नसेल किंवा टिकतच नसेल तर कोलोस्टॉमीच्या बाळाला नुसत्या लंगोटावर ठेवता येतं. भोवती झिंक ऑक्साइडचं मलम जाडसर थापायचं, स्टोमावर व्हॅसलिन लावलेला गॉझ ठेवायचा आणि लंगोट वारंवार बदलायचा. प्रत्येक वेळी सगळं मलम खरवडून काढू नका, फक्त वरची घाण टिपून नवा थर द्या. इलिओस्टॉमीला मात्र ही पद्धत पुरत नाही.

पाणी आणि मीठ: खरा धोका इथे

इलिओस्टॉमी किंवा जेजुनोस्टॉमी असेल तर हा भाग दोनदा वाचा.

बॅगेतली शी रोज मोजा. मोठ्या सिरिंजने खेचून मोजा किंवा वजन करा. पातळ शीचा एक ग्रॅम म्हणजे साधारण एक मिलिलिटर. चोवीस तासांची बेरीज करून बाळाच्या वजनाने भागा. किलोमागे २० मिलिलिटरच्या वर जायला लागलं की सावध व्हायचं, ३० च्या वर म्हणजे जास्तच. तीन किलोच्या बाळाला हे ६० आणि ९० मिलिलिटर होतात. तुमच्या डॉक्टरांनी वेगळा आकडा दिला असेल तर तोच पाळा आणि तो भिंतीवर लिहून लावा.

याच्या जोडीला लंगोट. बॅग लावलेल्या बाळाच्या लंगोटात फक्त शू असते, त्यामुळे हिशेब सोपा आहे. एरवी दिवस-रात्रीत सहा-सात वेळा ओला होणारा लंगोट निम्म्यावर आला, शू गडद दिसायला लागली, तोंड आतून कोरडं पडलं, रडताना टाळू उंच होण्याऐवजी खोलच राहिली, हातपाय गार लागले, तर बाळ सुकतंय. तान्ह्यांत हे काही तासांत वाढतं. जुलाब-उलट्यांची साथ, ताप किंवा उकाडा असेल तर आणखी लवकर.

मिठाचं प्रकरण याहून फसवं. स्टोमातून सोडियम सतत जात असतं. शरीर ते वाचवायला बघतं, म्हणून लघवीतून सोडियम बाहेर टाकणं जवळपास थांबवतं आणि रक्तातला आकडा बराच काळ ठीक दिसतो. बाळ दूध नीट पितं, उलटी नाही, ताप नाही, फक्त वजन वाढत नाही. अशा वेळी घरचे दुधाला दोष देतात, आईला दोष देतात, दुधाची पावडर बदलतात. विचारायचं असतं ते एवढंच: लघवीतलं सोडियम तपासलं का? ते लिटरमागे २० ते ३० मिलिमोलच्या खाली असेल तर मीठ कमी पडतंय, असं बहुतेक डॉक्टर धरतात. मोजून मीठ दिलं की अडून बसलेलं वजन पुन्हा चढायला लागतं.

पण ते मीठ डॉक्टरांनी मोजून दिलेलंच. घरी दुधात चिमूट टाकू नका. तान्ह्याच्या बाबतीत चिमटीचं माप जीवघेणं ठरू शकतं. ओआरएस किती आणि कसं द्यायचं हेही आधीच लिहून घ्या. नुसतं पाणी पाजू नका, त्याने उरलंसुरलं सोडियम आणखी पातळ होतं. पावडरचं दूधही जास्त पाणी घालून पातळ करू नका. आईचं दूध चालू ठेवा. बॅगेत जास्त यायला लागलं म्हणून ते आपल्या मनाने बंद करायचं नाही.

पहिल्या तीन महिन्यांत दिवसाला साधारण २० ते ३० ग्रॅम वजन वाढावं. आठवड्यातून दोनदा, त्याच काट्यावर, उघडं, बॅग रिकामी करून वजन घ्या आणि वहीत लिहा. तपासणीला जाताना ही वही न्या. डॉक्टरांसाठी ती स्टोमाच्या फोटोंपेक्षा मोलाची असते.

लसीकरण स्टोमामुळे थांबवायचं नसतं. तोंडावाटे द्यायच्या रोटाव्हायरसच्या लसीबद्दल मात्र सर्जनना विचारा. गुदद्वारातून सपोझिटरी, एनिमा किंवा थर्मामीटर असलं काहीही विचारल्याशिवाय घालू नका.

दिसायला भयंकर, पण धीराने घ्यायच्या गोष्टी

आतडं बाहेर घसरणं. बाळ जोरात रडलं, खोकलं की पोटातला दाब वाढतो आणि स्टोमा बोटभर, कधी त्याहून लांब बाहेर येतो. दोन तोंडांच्या सलग कोलोस्टॉमीत हे विशेष होतं. पहिल्यांदा बघणाऱ्याचे हातपाय गळतात. करायचं काय? रंग बघा. लाल-गुलाबी आहे, ओला आहे, शी येतेय, बाळ दूध पितंय, तर ही धावपळीची वेळ नाही. बाळाला उताणं निजवा, शांत करा. बरेचदा तो आपोआप आत जातो. बॅगेचं भोक त्या आकाराला पुरेल असं कापा, नाहीतर कड काचून सूज वाढते. त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. सुजलेलं आतडं दवाखान्यात हलक्या हाताने दाबून बसवतात, कधी साखर पसरून आधी सूज उतरवतात. हे घरी करून बघू नका. रंग जांभळा-काळा पडला, आतडं कडक झालं, शी थांबली किंवा उलट्या लागल्या तर मात्र ओल्या स्वच्छ गॉझने झाकून थेट दवाखाना गाठा.

कडेवरून रक्त येत असेल तर ओल्या गॉझने पाच मिनिटं हलका दाब द्या. बहुतेक वेळा थांबतं. आतून, शीबरोबर रक्त येत असेल तर ते वेगळं, दाखवायलाच हवं.

स्टोमाची कड कातडीपासून सुटून खाच पडते, हे पहिल्या एक-दोन आठवड्यांत होऊ शकतं. दाखवा, पण बहुधा पावडर किंवा पट्टी भरून ती खाच भरून येते. स्टोमा काळपट पडणं ही पहिल्या दोन-तीन दिवसांतली गुंतागुंत. तेव्हा बाळ बहुधा दवाखान्यातच असतं.

हळूहळू येणाऱ्या अडचणी

स्टोमा कातडीच्या पातळीला किंवा आत ओढला गेला की शी प्लेटखाली शिरते आणि कितीही नीट लावली तरी गळती होते. त्यासाठी फुगीर बैठकीची प्लेट किंवा पट्टा लागतो. तोंड अरुंद झालं तर शी दोऱ्यासारखी बारीक येते, बाळ कुंथतं, मधेच पिचकारीसारखी सुटते. ते कधी डॉक्टर रुंद करतात, कधी शस्त्रक्रिया लागते. शेजारी रडताना फुगवटा येत असेल तर तो हर्निया. मऊ असेल आणि बाळ शांत झाल्यावर आत जात असेल तर पुढच्या भेटीत दाखवा.

थांबू नका, निघा

- हिरवी उलटी झाली. एकदाच झाली तरी.
- पोट फुगून टणक झालं आणि स्टोमातून काही येईना. इलिओस्टॉमी जवळजवळ सतत वाहते, ती चार-सहा तास कोरडी आणि सोबत उलटी म्हणजे आतडं अडकल्याचा संशय घ्यावा. कोलोस्टॉमी एखादा दिवस शांत राहू शकते. तिथे पोट आणि उलटी बघा.
- स्टोमा गडद जांभळा, काळा किंवा पांढराफटक झाला आणि शांत झाल्यावरही रंग परतेना.
- सहा तासांत शू नाही, किंवा बाळ उठवूनही नीट जागं होईना.
- तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ३८ अंश सेल्सिअस किंवा जास्त ताप.
- न थांबणारं रक्त.

निघताना चित्राचा कागद, वजनाची वही आणि एक जास्तीची बॅग घ्या. रात्रीच्या ड्युटीवरच्या डॉक्टरांकडे बाळाच्या मापाची बॅग असेलच असं नाही.

स्टोमा बंद करताना

कधी बंद करायचा हे आजारावर आणि बाळाच्या वाढीवर ठरतं. काही आठवडे ते कित्येक महिने. त्याआधी बहुधा खालच्या तोंडातून औषध सोडून एक्स-रे काढतात, पुढचा मार्ग मोकळा आहे ना, हे बघायला. नवं गुदद्वार तयार केलेल्या बाळाला ते अरुंद होऊ नये म्हणून ठरलेल्या मापाच्या सळईने रुंदावत राहावं लागतं. हे आई-बाबांनाच घरी करावं लागतं आणि मनाला जड जातं, पण दिवस चुकवू नका.

बंद केल्यावर पहिले काही आठवडे शी दिवसातून दहा-बारा वेळाही होते. ढुंगणाच्या कातडीला शीची सवयच नसते, म्हणून ती दोन दिवसांत सोलवटते आणि कधी रक्ताळते. लाल झाल्यावर मलम शोधण्यापेक्षा शस्त्रक्रियेच्या खोलीतून बाळ बाहेर आल्यापासूनच, पहिली शी व्हायच्या आधी, झिंक ऑक्साइडचा जाड थर लावायला सुरुवात करा. प्रत्येक शीनंतर पाण्याने धुवा, टिपा, पुन्हा थापा, आणि दिवसातून थोडा वेळ लंगोटाशिवाय मोकळं ठेवा. शी घट्ट व्हायला लागली की कातडीही सावरते.